लायसन्सच्या फॉर्मवर मिलिटरीची ओळ: मुलाला सही करू द्यावी का?

प्रश्न: आम्ही टेक्ससमध्ये, डॅलसच्या उत्तरेला राहतो. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलो, बरीच वर्षं रांगेत काढली आणि गेल्या वर्षी सगळ्यांची ग्रीन कार्डं हातात आली. मुलगा एकुलता एक, पुढच्या महिन्यात अठरा पूर्ण होतील. लायसन्सचा अर्ज भरताना त्यात एक परिच्छेद दिसला, की अर्ज देणारा अठरा ते पंचवीस वयाचा मुलगा असेल तर हा अर्ज दिला म्हणजेच सिलेक्टिव्ह सर्व्हिसमध्ये, म्हणजे सक्तीची सैन्यभरती झालीच तर त्यासाठीच्या सरकारी यादीत, नाव नोंदवायला त्याची संमती आहे. मी तिथेच थांबले, फॉर्म अजून तसाच टेबलवर पडलाय. नवरा म्हणतो कायदा आहे, सही करून मोकळे होऊ. कोल्हापूरला सासूबाईंना सांगितलं तर त्या रडायलाच लागल्या, आमच्या घरी माळ आहे, चार पिढ्या कुणी अंडंसुद्धा खाल्लं नाही आणि नातू बंदूक धरणार का म्हणून. मुलगा म्हणतो मला युद्धाची भीती नाही वाटत पण गाडी चालवण्याचा आणि सैन्याचा संबंध काय, आणि फक्त मुलांनाच का. माझ्या डोक्यात तीन पर्याय आहेत. सव्वीस होईपर्यंत लायसन्सच काढू नये आणि आम्हीच नेआण करावी, किंवा त्याला शिकायला पुण्याला पाठवावं, किंवा डोळे मिटून सही करू द्यावी. मी काय करू?
– काळजीतली आई, टेक्सस

उत्तर:

ताई, तुमचं पत्र वाचून आधी वाटलं ते हे, की तुम्ही फॉर्म वाचलात. बहुतेक जण वाचत नाहीत, खिडकीवरचा माणूस म्हणतो इथे सही करा आणि आपण करतो, आणि घरी आल्यावर दोन महिन्यांनी पोस्टातून सरकारी पत्र आलं की घाबरतो. तुम्ही आधीच थांबलात, त्यामुळे आता शांतपणे बोलायला वेळ आहे.

पहिल्यांदा भीतीचं बघू, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. या नोंदणीने तुमचा मुलगा सैन्यात जात नाही, त्याला कुणी बोलावत नाही, तो राखीव दलातही येत नाही. सरकारकडे एक यादी आहे, उद्या काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, सक्तीची भरती परत सुरू करायची ठरवलीच तर कुणाला बोलवायचं याची, त्यात त्याचं नाव आणि पत्ता जातो. आत्ता तशी सक्ती नाहीये. अमेरिकेत शेवटची सक्तीची भरती १९७३ मध्ये संपली, १९७५ मध्ये तर नोंदणीही थांबवली होती, ती १९८० मध्ये परत सुरू केली प्रेसिडेंट कार्टर यांनी, रशियाने अफगाणिस्तानात सैन्य घुसवलं तेव्हा. तेव्हापासून नोंदणी चालू आहे आणि सक्ती बंद आहे. मधल्या काळात १९९१ चं आखाती युद्ध झालं, अफगाणिस्तानात वीस वर्षं गेली, इराक झालं, सगळं स्वतःहून भरती झालेल्या माणसांवर चाललं. सक्ती परत आणायची तर काँग्रेसला आधी कायदा बदलावा लागेल आणि त्यावर प्रेसिडेंटची सही लागेल, नुसत्या या यादीच्या जोरावर कुणालाही उचलून नेता येत नाही.

म्हणजे काळजी खोटी आहे का? नाही. यादी आहे ती कधीतरी वापरता यावी म्हणूनच आहे, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. व्हिएतनामच्या वेळी, १ डिसेंबर १९६९ ला, वॉशिंग्टनमध्ये एका काचेच्या भांड्यातून वाढदिवसाच्या चिठ्ठ्या काढल्या होत्या आणि पहिली निघाली १४ सप्टेंबर, त्या तारखेला जन्मलेली मुलं पहिली. त्या रात्री टीव्हीसमोर बसलेल्या आयांना काय वाटलं असेल ते तुम्हाला कुणी सांगायची गरज नाही. आजही कायद्यातली पद्धत चिठ्ठ्यांचीच आहे, आधी त्या वर्षी वीस पूर्ण होणारी मुलं, मग एकवीस ते पंचवीस, आणि एकोणीस आणि साडेअठरावाले सगळ्यात शेवटी. त्यातही बोलावणं आलं की थेट बंदूक हातात असं नाही, मेडिकल असते, हायस्कूल चालू असेल तर ते संपेपर्यंत थांबतात, कॉलेज असेल तर सेमिस्टर पूर्ण करू देतात, घरच्यांचं त्याच्यावाचून खरंच अडत असेल तर तसा अर्ज करता येतो.

एका गोष्टीत मात्र मला तुम्हाला खोटा दिलासा द्यायचा नाही. एकुलता एक आहे म्हणून सूट मिळते असं भारतीय घरांमध्ये खूप लोक धरून चालतात, तुमच्याही पत्रात तो शब्द तसाच आलाय असं मला वाटलं. तशी सूट नाहीये. एकुलत्या एक मुलालाही नाव नोंदवावं लागतं आणि सक्ती आली तर त्यालाही बोलावता येतं. जी सवलत आहे ती वेगळ्या घरांसाठी आहे, जिथे बाप किंवा भाऊ किंवा बहीण सैन्यात असताना गेली. हे आत्ताच माहीत असलेलं बरं.

आता तुमच्या पर्यायांकडे येते, आणि इथे मला तुम्हाला एक प्रश्न विचारायचाय. लायसन्स नाही काढलं तर नोंदणी टळते असं तुम्ही धरलंय, ते कुठून आलं? कारण जबाबदारी लायसन्समुळे येतच नाही. ती येते अठरा पूर्ण झाल्यामुळे आणि ग्रीन कार्ड असल्यामुळे. अमेरिकेतल्या जवळपास प्रत्येक मुलाला, सिटिझन असो की ग्रीन कार्डवाला, अगदी कागदपत्रं नसलेलाही, अठरावा वाढदिवस झाल्यावर तीस दिवसांत नाव द्यावं लागतं, त्याने आयुष्यात स्टिअरिंगला हात लावला नाही तरी. लायसन्सचा फॉर्म हा फक्त नाव गोळा करायचा एक रस्ता आहे. तो रस्ता तुम्ही बंद केलात तर मुलगा आठ वर्षं गाडीशिवाय राहील आणि वर कायद्याच्या चुकीच्या बाजूलाही असेल, दोन्ही तोटे एकदम. आणि डॅलसच्या उत्तरेला गाडीशिवाय वीस वर्षांच्या मुलाने कॉलेज, पार्ट टाइम जॉब, मित्र, हे सगळं कसं करायचं, आईबाबांनी सोडायचं आणि आणायचं, त्यात त्याचा किती कोंडमारा होईल याचा विचार करा.

शिवाय हा रस्ताही आता तितका महत्त्वाचा राहणार नाहीये. डिसेंबर २०२५ मध्ये सही झालेल्या संरक्षण कायद्यात अशी तरतूद आली की सरकारकडे असलेल्या इतर माहितीवरून मुलांची नावं आपोआपच नोंदवायची. म्हणजे लायसन्सची ओळ टाळून यादी टाळता येईल हा हिशोब इथून पुढे आणखीच बसत नाही.

पुण्याला पाठवायचा पर्याय तर मला जास्तच धोक्याचा वाटतो. त्याला पुण्यात शिकायचं असेल, तिथला एखादा कोर्स मनापासून आवडला असेल तर जरूर जावं, पण या कारणासाठी नको. ग्रीन कार्डवाल्याने सलग सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलं की सिटिझनशिपच्या हिशोबात प्रश्न सुरू होतात, वर्षाच्या वर राहिलं तर कार्डच अडचणीत येतं. ज्या कार्डासाठी तुम्ही इतकी वर्षं वाट बघितलीत ते एका यादीच्या भीतीने घालवायचं का? आणि त्याला पुढे अमेरिकेत परत यायचंच असेल तर तिकडे जाऊन काहीच सुटलेलं नसेल.

न नोंदवण्याचे तोटे नीट समजून घ्या, कारण इथे आपल्या लोकांमध्ये दोन टोकाच्या गोष्टी ऐकू येतात. एक म्हणजे पोलीस येतील, पाच वर्षं तुरुंग आणि अडीच लाख डॉलर दंड. कायद्याच्या पुस्तकात शिक्षा तेवढीच लिहिलीय हे खरं, पण १९८० च्या दशकात मोजक्याच मुलांवर खटले झाले आणि १९८६ नंतर कुणावर झालेला नाही. दुसरं टोक म्हणजे मग काय, कुणी काही करत नाही, सोडून द्या. हे दुसरं टोक मला जास्त भयंकर वाटतं, कारण त्याचा फटका तुरुंगातून येत नाही, दहा वर्षांनी एखाद्या ऑफिसच्या खिडकीवर येतो. केंद्र सरकारची नोकरी मिळत नाही. आणि तुमच्या घरासाठी सगळ्यात मोठं म्हणजे सिटिझनशिप.

हे जरा सविस्तर सांगते कारण तुमच्या पत्रात ते कुठेच नव्हतं. तुम्हाला ग्रीन कार्ड गेल्या वर्षी मिळालं, म्हणजे तुम्ही दोघं सिटिझन व्हायला अजून काही वर्षं आहेत, आणि तोपर्यंत मुलगा अठराच्या पुढे गेलेला असेल. आईवडील सिटिझन झाले की मुलंही आपोआप होतात, पण ते अठराच्या आतल्या मुलांसाठी. तुमच्या मुलाला स्वतःचा अर्ज स्वतः भरावा लागणार, बहुतेक बावीस-तेवीसचा असताना. त्या अर्जात सरळ विचारतात की सिलेक्टिव्ह सर्व्हिसमध्ये नोंदणी केली का, केली असेल तर नंबर आणि तारीख द्या. नसेल केली आणि सव्वीसच्या आत असेल तर आधी करून या म्हणतात. सव्वीस ते एकतीसच्या मध्ये अर्ज केला तर त्याला दाखवावं लागतं की मला माहीतच नव्हतं, मी जाणूनबुजून टाळलं नाही. आता विचार करा, तुमच्या मुलाला माहीत आहे. घरात यावरून रडारड झालीय, आजीला फोन झालाय. मला माहीत नव्हतं असं शपथेवर सांगायची वेळ तुम्ही त्याच्यावर आणू नका.

आणखी एक बारकावा ग्रीन कार्डवाल्या सगळ्याच घरांसाठी. कधी सक्ती आलीच तर मी परदेशी नागरिक आहे म्हणून मला सोडा असा अर्ज करायचा मोह होईल, कुणीतरी सल्लाही देईल. त्या कारणावर सूट मागून ती मिळवली तर सिटिझनशिपचा दरवाजा कायमचा बंद होऊ शकतो. असं काही करायच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलल्याशिवाय एक ओळही लिहायची नाही.

आता एक गोष्ट विचारते, रागावू नका. चार-पाच वर्षांनी तुम्ही आणि तुमचा नवरा हात वर करून सिटिझनशिपची शपथ घ्याल. त्या शपथेत काय आहे ते वाचलंत का? त्यात आहे की कायद्याने सांगितलं तर मी अमेरिकेसाठी शस्त्र हाती घेईन, किंवा लढाईबाहेरची सेवा करीन, किंवा देशासाठी महत्त्वाचं नागरी काम करीन. म्हणजे जो करार आज तुमच्या मुलासमोर फॉर्मवर आलाय तोच उद्या तुमच्यासमोर येणार आहे, फक्त तुमच्या वयामुळे तुम्हाला तो औपचारिक वाटेल. आपण इथे घर घेतो, शाळा वापरतो, दिवाळीला मंडळाचा मोठा हॉल बुक करतो, मतदानाची वाट बघतो, आणि हा देश आपल्याकडून काय मागू शकतो या प्रश्नाकडे मात्र आपलं लक्ष जात नाही, जोवर मुलाच्या फॉर्मवर ती ओळ दिसत नाही तोवर. तुम्ही नाही म्हणालात तरी मला ते समजेल, पण हा प्रश्न घरात तिघांनी मिळून बोलायचा आहे, फक्त मुलाच्या सहीपुरता नाही.

आणि इथे तुमच्या मुलाचं म्हणणं येतं, जे मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटलं. गाडीचा आणि सैन्याचा संबंध काय? तो बरोबर विचारतोय. संबंध फक्त एवढाच की अठरा-एकोणीसची मुलं सरकारला हमखास कुठे भेटतात तर लायसन्सच्या खिडकीवर. आधी हे काम विद्यार्थ्यांच्या कर्जाशी जोडलं होतं, १९८२ च्या कायद्याने, नोंदणी नाही तर शिक्षणाची सरकारी मदत नाही. ती अट २०२० च्या डिसेंबरात झालेल्या कायद्याने काढून टाकली, त्यामुळे आता फाफसा, म्हणजे त्या मदतीचा अर्ज, भरताना हा प्रश्न आडवा येत नाही, पण बहुतेक राज्यांनी लायसन्सचा दुवा कधीचाच करून ठेवलाय. पद्धत प्रत्येक राज्याची वेगळी, कुठे तुमच्यासारखं अर्ज दिला म्हणजेच संमती, कुठे चौकोनात टिक करायची, कुठे नाही म्हटलं तर लायसन्सच देत नाहीत. माझं प्रामाणिक मत विचाराल तर जिथे बस नाही, ट्रेन नाही, आणि गाडीशिवाय दूध आणता येत नाही, तिथे लायसन्सच्या बदल्यात घेतलेल्या संमतीला मोकळी संमती म्हणणं मला जड जातं. इतकी मोठी गोष्ट मुलाला वेगळ्या कागदावर, वेगळ्या दिवशी, नीट समजावून विचारायला हवी. पण त्याच वेळी दुसरी बाजूही मला दिसते. ज्या घरात इंग्रजी फॉर्म वाचणारं कुणी नाही, ज्याला हा नियम कुणी सांगितलाच नाही, त्या मुलाचं नाव या एका ओळीमुळे वेळेत लागतं आणि तिशीत सिटिझनशिप अडत नाही. मला अशी पत्रं आलीत, सत्तावीस-अठ्ठावीसच्या मुलांची, ज्यांना कुणीच सांगितलं नव्हतं, आणि सव्वीसनंतर नोंदणी करताच येत नाही. त्यांच्या जागी उभं राहिलं की ती ओळ बरी वाटते.

फक्त मुलांनाच का, हा त्याचा दुसरा प्रश्न. हा सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेला आहे, १९८१ मध्ये कोर्टाने म्हटलं की मुलींना वगळणं घटनेत बसतं, कारण तेव्हा स्त्रियांना लढाईच्या कामांवर घेतच नव्हते. आता ती बंदी उठलीय, त्यामुळे प्रश्न परत परत काँग्रेससमोर येतो आणि अजून कायदा तसाच आहे. त्याला हे पटत नसेल तर त्याने आपल्या काँग्रेसमनला लिहावं, कॉलेजात यावर बोलावं. कायदा पाळून कायद्याबद्दल भांडता येतं. आणि ताई, तुमचा मुलगा युद्धाला घाबरून नाही, तत्त्वावरून बोलतोय, याचा तुम्हाला अभिमान वाटायला हवा.

यातूनच मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते येतं. तुम्ही विचारलंत मी काय करू. पुढच्या महिन्यात तो सज्ञान होतोय, सही त्याची, नाव त्याचं, जबाबदारीही त्याची. तुम्ही सही करू द्यायची की नाही हा प्रश्नच तुमच्या हातातून सुटत चाललाय आणि मला वाटतं खरं दुखतंय ते तिथे. आपल्याकडे मुलाचं लग्न होईपर्यंत त्याचे कागद आईवडील भरतात. इथे अठराव्या वर्षी सरकार त्याला पहिल्यांदा थेट पत्र पाठवतं, त्याच्या नावाने. तुमचं काम आता त्याच्या वतीने ठरवायचं नाही, त्याच्याबरोबर बसून वाचायचं आहे.

म्हणून माझा सल्ला असा आहे. लायसन्सच्या फॉर्ममधून आपोआप होऊ देण्याऐवजी त्याने हे काम वेगळं, आपलं आपण, उघड्या डोळ्यांनी करावं. सिलेक्टिव्ह सर्व्हिसच्या सरकारी वेबसाइटवर सोशल सिक्युरिटी नंबर घेऊन बसलं की काही मिनिटांत होतं, एक पैसाही लागत नाही, कुणी फी मागितली तर ती फसवणूक समजायची. सतरा वर्षं तीन महिने झाले की माहिती आधी देऊन ठेवता येते, अठरा झाल्यावर ती नोंदली जाते, म्हणजे तो हे आजही करू शकतो. मग डीपीएसच्या, म्हणजे टेक्ससमध्ये लायसन्स देणाऱ्या ऑफिसच्या, अपॉइंटमेंटला जाताना त्या ओळीचं काही ओझं उरत नाही, जे करायचं ते त्याने आधीच केलेलं असेल. पोस्टाने पोचपावती येते, त्यावर त्याचा नंबर असतो, ती ग्रीन कार्डाच्या फाइलमध्येच ठेवा, स्कॅन करून त्यालाही पाठवा. लायसन्समधून झालं असं समजून बसलेल्या घरांनीही एकदा वेबसाइटवर नाव तपासावं, कारण मधल्या मधे राहून गेलेली नावं असतात. आणि पत्ता बदलला, कॉलेजला गेला, तर दहा दिवसांत कळवायचा असतो, हे मुलं हमखास विसरतात.

सासूबाईंच्या माळेबद्दल. हे मी हलक्यात घेत नाही, वारकरी घरातली अहिंसा ही केवळ जेवणाची गोष्ट नसते. अमेरिकेच्या कायद्यात ज्याचा विवेक युद्धाला नकार देतो त्याच्यासाठी जागा आहे. सक्ती आलीच तर तो तसा अर्ज करू शकतो, मंजूर झाला तर शस्त्राशिवायची सेवा किंवा दवाखाना, शिक्षण, जंगल-पाण्याचं काम असं नागरी काम साधारण दोन वर्षं करावं लागतं. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. श्रद्धा त्याची स्वतःची हवी, चार पिढ्यांची माळ ही पार्श्वभूमी म्हणून उपयोगी पडेल पण अर्ज तपासणारी माणसं त्यालाच विचारणार. आणि विरोध सगळ्याच युद्धांना हवा, हे युद्ध चुकीचं पण ते चाललं असतं असं म्हटलं की अर्ज टिकत नाही, १९७१ मध्ये सुप्रीम कोर्टाने तसं स्पष्ट केलंय. देवावर विश्वास असायलाच हवा असं मात्र नाही, खोल नैतिक धारणाही चालते. ऑनलाइन फॉर्मवर हे लिहायला जागा नसते. त्याला मनापासून तसं वाटत असेल तर पोस्ट ऑफिसमधला कागदी फॉर्म घ्यावा, त्यावर आपण युद्धाला विवेकाने नकार देणारे आहोत असं स्वतःच्या अक्षरात लिहावं, पाठवायच्या आधी फोटो काढून ठेवावा. त्याने आज काही मंजूर होत नाही, पण पुढे कधी लागलं तर भीतीपोटी आदल्या दिवशी सुचलेलं नाही याचा पुरावा राहतो. आणि त्याला तसं वाटत नसेल तर आजीसाठी लिहू नये. ते त्याच्याशीही खोटं होईल आणि माळेशीही.

सासूबाईंना सांगताना नोंदणी, ड्राफ्ट असले शब्द नकोत. सरळ सांगा की नातू सैन्यात गेलेला नाही, इथल्या सगळ्या मुलांची नावं घेतात तशी त्याचंही घेतलंय, आणि पन्नास वर्षांत कुणाला सक्तीने नेलेलं नाही. आणि हे मुलालाच सांगू दे, त्याच्या तोंडून ऐकलं की त्यांना जास्त धीर येईल.

डीपीएसच्या खिडकीवर एका दुसऱ्या ओळीकडे मात्र डोळ्यात तेल घालून बघा, कारण धोका खरा तिथे आहे. त्याच अर्जात मतदार म्हणून नाव नोंदवायचं का असंही विचारतात. ग्रीन कार्डवाल्याने तिथे हो म्हणायचं नाही, घाईत, चुकून, कुणी विचारलं म्हणूनही नाही. सिलेक्टिव्ह सर्व्हिसला हो म्हटल्याने तो सिटिझन असल्याचा दावा होत नाही, मतदार नोंदणीला हो म्हटल्याने होतो, आणि त्यातून सिटिझनशिप नाकारली जाण्यापासून हद्दपारीपर्यंत काहीही होऊ शकतं. ज्या आईला मिलिटरीच्या ओळीने झोप लागत नाही तिचं लक्ष या ओळीकडे जातच नाही, म्हणून मुद्दाम सांगते.

आणि रिक्रूटरचे, म्हणजे सैन्यात भरती व्हा म्हणून समजावणाऱ्यांचे, फोन ही वेगळीच गोष्ट आहे. हायस्कूल मुलांचे फोन नंबर आणि पत्ते सैन्याच्या रिक्रूटरना देऊ शकतं, देऊ नका असं आईवडिलांनी शाळेला लेखी कळवलं तर देत नाहीत. फोन आला तर तो माणूस नोकरी समजावून सांगायला आलेला असतो, त्याला नको म्हणायचा पूर्ण अधिकार मुलाला आहे, आणि सही केली तर ती खरोखरची भरती असते. घरात भीती वाटायचीच असेल तर त्या सहीबद्दल सावध राहा, लायसन्सच्या नाही. ओसीआयचंही, म्हणजे दुसऱ्या देशाचे नागरिक झालेल्या भारतीयांना भारत देतो त्या कार्डाचंही, कुणीतरी विचारेलच, परदेशी सैन्यात नोकरी केलेल्यांना भारत ओसीआय देत नाही हे खरं, पण यादीत नाव असणं म्हणजे सैन्यात नोकरी करणं नव्हे.

हे वाचणाऱ्या बाकीच्या आईबाबांसाठी थोडं, कारण प्रत्येक घराचा व्हिसा वेगळा. मुलगा एच-४ (एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाचा) किंवा एफ-१ (विद्यार्थ्याचा) व्हिसावर असेल आणि स्टेटस चालू असेल तर त्याने नोंदणी करायची नसते, खिडकीवर व्हिसा दाखवून तसं सांगायचं, आणि आय-९४ (अमेरिकेत आल्याची नोंद), आय-२० (कॉलेजचं पत्र), अप्रूव्हलची पत्रं सव्वीस होईपर्यंतची सगळी जपून ठेवायची, पुढे विचारलं तर तेच पुरावे असतात. त्याला मधेच ग्रीन कार्ड मिळालं आणि वय सव्वीसच्या आत असेल तर तीस दिवसांत नाव द्यायचं, इथे खूप मुलं चुकतात कारण तेव्हा लायसन्स आधीच काढलेलं असतं आणि कुणी विचारतच नाही. मुलगा चोवीस-पंचवीसचा आहे आणि राहून गेलंय असं आत्ता लक्षात आलं तर उशिरा केल्याबद्दल घाबरू नका, याच आठवड्यात करा, सव्वीसाव्या वाढदिवसापर्यंत घेतात. आणि सव्वीस उलटून गेली असतील तर सिलेक्टिव्ह सर्व्हिसकडून स्टेटस इन्फर्मेशन लेटर (नोंदणी लागू होती की नाही हे सांगणारं पत्र) मागवा, का राहिलं ते खरं खरं लिहा, त्या वयात कुठे होता, कोणत्या व्हिसावर होता त्याचे कागद जोडा, आणि सिटिझनशिपचा अर्ज भरायच्या आधी ते पत्र घेऊन वकिलाला भेटा.